स्टुडिओच्या ड्रमवर हौसाक्का

“आय गेली, डाक्टर,” म्हादू दारातूनच म्हणाला, आणि मी खुर्चीतून उठायच्या आत त्यानं पुढचंही उरकून टाकलं, “पर मूत्रपिंडानं न्हाय. ते तुमास्नी पयलं सांगायचं, आसं तिनंच बजावून ठेवलंतं.”

सकाळची वेळ होती, बाकांवर पेशंटांची दाटी. सगळे त्याच्याकडे बघायला लागले. म्हादूला त्याचं काही नव्हतं. आवाजाच्या बाबतीत तो आईवरच गेलाय. आदल्या दुपारी तिनं भाकरी खाल्ली, हात धुतला, गोठ्याच्या भिंतीला टेकून बसली, आणि हाक मारली तर ओ दिली नाही... इतकंच. हृदय थांबलं असावं. “शेवटपतोर लघवी साफ हुती,” तो शेवटच्या बाकाला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाला, “इतकी वर्सं झाली, येक दीस खोट न्हाय.” मला हसू फुटलं. ते हसूच आहे अशी खात्री होईपर्यंत डोळे भरून आले, आणि चष्मा पुसायचं निमित्त करून मी आतल्या खोलीत गेलो.

मी बोलणारा माणूस नाही. पेशंटशी कामापुरतं, घरात त्याहून कमी, आणि समारंभात तर अजिबात नाही. डॉक्टरच्या गप्प बसण्याला लोक विद्वत्ता समजतात, त्याचा फायदा मी निम्मं आयुष्य घेतला. हौसाक्का जाऊन आता महिना होत आला. तिच्याबद्दल लिहायला बसलो तर तिच्या गोष्टीत माझं जे काही आहे तेही लिहावं लागेल, ते वगळून ती गोष्ट उभीच राहत नाही. एकदा वगळून पाहिलं होतं. त्याचं काय झालं ते पुढं येईलच.

हौसाक्का शिरोळकडची, कृष्णाकाठच्या एका गावची. नवरा लवकर गेला, तेव्हापासून ऊस, म्हशी आणि भावकी या तिन्हींना ती एकाच आवाजात हाकत होती. मी तिला पहिल्यांदा पाहिलं ते गुळाच्या लॉरीत. गावाहून कोल्हापूरच्या बाजाराला निघालेली लॉरी म्हादूनं रस्त्यात आडवी होऊन थांबवली होती, ढेपा सारून आईला मधे झोपवली होती, आणि लॉरी बाजाराऐवजी सरळ माझ्या शाहूपुरीतल्या दवाखान्यासमोर आणली होती. उसातलं पाचट काढताना घोट्याला घोणस चावली होती. तालुक्याला लस टोचली होती, त्यामुळे जीव वाचला होता, हिरड्यांतून वाहणारं रक्तही थांबलं होतं. पण लघवी बंद झाली ती झालीच. पाय सुजलेले, चेहरा सुजलेला, श्वासाला तो विशिष्ट वास, आणि तरीही मी नाडी पाहायला हात धरला तेव्हा ती म्हणाली, “लवकर करा काय करायचं ते. म्हस व्यायला आलीया माझी. ह्या गड्याच्यानं रेडकू निघायचं न्हाय.” गडी म्हणजे म्हादू. तो शेजारीच उभा होता.

घोणशीचं हे असं असतं. विषातून माणूस निभावतो आणि मूत्रपिंडं झोपी जातात. ती कायमची मेलेली नसतात, हे महत्त्वाचं. दोन-तीन आठवडे शरीर टिकलं तर पुष्कळदा ती आपण होऊन जागी होतात. पण तोवर रक्तातला कचरा जायचा कुठं? तो साठतो, माणूस ओकायला लागतो, गुंगतो, आणि मूत्रपिंडं जागी व्हायच्या आधीच जातो. उसाच्या पट्ट्यातली अशी धडधाकट माणसं दर हंगामात माझ्यासमोर गेली होती. मी त्यांच्या उशाशी उभा राहून लघवीचं रिकामं भांडं बघत असे. दुसरं करण्यासारखं काही नसे.

अशात एका परदेशी वैद्यकीय मासिकात मला एक छायाचित्र दिसलं. हॉलंडमधल्या एका डॉक्टरनं युद्धाच्या दिवसांत एक यंत्र बनवलं होतं. लाकडी पट्ट्यांचा आडवा ड्रम, त्यावर सेलोफेनची लांबच लांब नळी गुंडाळलेली, आणि ड्रमचा खालचा भाग मिठाच्या पाण्याच्या हौदात बुडलेला. रोग्याचं रक्त नळीत शिरतं, ड्रम फिरतो तसं वेढ्यावेढ्यानं पुढं सरकतं, आणि वाटेत आपला कचरा पाण्यात सोडत सोडत परत शरीरात जातं. मी ते चित्र पाहिलं आणि चक्रावलो. हा ड्रम मी पाहिला होता. इथंच, कोल्हापुरात.

मी तेव्हा एका फिल्म स्टुडिओचा डॉक्टर होतो. घोड्यावरून पडलेले मावळे आणि मेकअपनं चेहरा सुजलेल्या नट्या, हे माझं तिथलं काम. तिथल्या लॅबोरेटरीत शंकरराव म्हणून एक गृहस्थ फिल्म धुवायचे. फिल्म लाकडी पट्ट्यांच्या मोठ्या ड्रमवर गुंडाळायची आणि ड्रम औषधाच्या हौदात फिरवायचा, ही त्यांची रीत. पुढं चित्रं मुंबईला जाऊ लागली, स्टुडिओ ओस पडला, आणि शंकरराव आपले ते ड्रम पुसत बसलेले असायचे. मी मासिक घेऊन त्यांच्याकडे गेलो.

“डॉक्टर, ह्या ड्रमवर आम्ही हिरॉइनी धुतल्या,” ते म्हणाले. “तुम्ही काय धुणार?”

“रक्त.”

“कुणाचं?”

“ते अजून ठरायचंय.”

“मग आधी तुमचंच धुवून बघू की,” असं म्हणून त्यांनी लुंगी खोचली आणि ड्रम भिंतीपासून ओढला.

त्या कामाचे दिवस आठवले की अजून अंगावर मूठभर मांस चढतं. आम्हा दोघांनाही दुसरं सुचत नव्हतं. सेलोफेनची नळी मुंबईच्या एका व्यापाऱ्याकडून आणली; परदेशात तिच्यात मांस भरून विकतात म्हणे. फिरत्या ड्रममध्ये रक्त आत-बाहेर जाणार, तर तो सांधा गळायला नको. तो ओळखीच्या एका इंजिनवाल्यानं पाण्याच्या पंपाच्या सांध्यावरून ओतून दिला. पाण्यातलं मीठ, सोडा, साखर यांचं प्रमाण मी बसवलं, म्हणजे रक्तातलं मीठ जागेवर राहील आणि कचरा तेवढा बाहेर येईल. शंकररावांनी पट्ट्या घासून घासून अशा गुळगुळीत केल्या की तान्ह्या पोराला निजवावं. सगळं जमत आलं, आणि नळी फाटली. पुन्हा गुंडाळली, पुन्हा फाटली. आत नुसतं पाणी होतं म्हणून ठीक. रक्त असतं तर?

तेव्हा शंकरराव म्हणाले, “फिल्मला ओरखडे पडू नयेत म्हणून आम्ही वरनं वॉर्निश देतो. हिलाही एक हात देऊ काय?”

मी म्हणालो, “द्या.” हा शब्द माझा आहे. शंकररावांनी विचारलं, हुकूम मी दिला, आणि वर ‘उत्तम’ असंही म्हणालो. वॉर्निशचा पिकल्या केळ्यासारखा वास खोलीभर पसरला. नळी काचेसारखी चमकू लागली. आत लाल रंगाचं पाणी भरलं, ड्रम हौदात फिरवला, आणि आम्ही दोघं हौदावर वाकून पाहत राहिलो. पाण्यात लाल रंगाचा मागमूस नाही! थेंबभर गळत नव्हतं. शंकररावांनी मला मिठी मारली. मी मिठ्या मारणारा माणूस नाही, तरी मीही मारली. नळी गळते का, एवढंच आम्ही पाहिलं. तिच्यातून काही झिरपतं का, हे पाहायचं दोघांच्याही डोक्यात आलं नाही. फिल्मच्या माणसाला पाणी बाहेर ठेवायची सवय, आणि मी रक्त सांडायच्या भीतीनं पछाडलेला. ते यंत्र सगळं झिरपण्यावर चालणारं आहे हे मासिकात पांढऱ्यावर काळं लिहिलेलं होतं, मी ते पाठ केलं होतं, आणि तरी...

याच सुमाराला गुळाच्या लॉरीतून हौसाक्का आली.

यंत्र तोवर दवाखान्याच्या मागच्या खोलीत आणलं होतं. तिला ते दाखवायला नेलं. ड्रमकडे पाहून तिनं विचारलं, “ह्याच्यावर आधी कोण कोण बरं झालंय?” मी म्हणालो, “परदेशात नेहमी करतात हे. काही घाबरायचं नाही.” परदेशात तेव्हा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या ठिकाणी ते चाललं असेल, आणि मी तर ते एकदाही चालवलं नव्हतं. पण खालच्या मानेनं, गंभीर चेहऱ्यानं सांगितलेलं खोटं डॉक्टरच्या तोंडी फार शोभतं. तिनं माझ्या हातांकडे पाहिलं आणि “बरं,” म्हणाली.

पहिल्या दिवशी सकाळपासून दुपार उलटेपर्यंत ड्रम फिरला. मनगटाच्या धमनीतून रक्त बाहेर, पायाच्या शिरेतून परत आत. रक्त साकळू नये म्हणून औषध दिलेलं. एक थेंब सांडला नाही. शंकरराव ड्रमशेजारी असे उभे होते की जणू त्यांचं चित्र पहिल्या आठवड्यात हाऊसफुल्ल चाललंय. बाहेर म्हादू येईल-जाईल त्याला सांगत होता, “आय फिरायला लागलीया.” संध्याकाळी मी तिच्या रक्ताचा आणि हौदातल्या पाण्याचा नमुना कॉलेजच्या प्रयोगशाळेत पाठवला. उत्तर आलं. तिच्या रक्तातला युरिया, म्हणजे तो कचरा, होता तेवढाच होता. हौदातल्या पाण्यात तो जवळजवळ नव्हताच.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती ओळख देईना इतकी गुंगली होती, मधेच शुद्धीवर यायची. मी त्या यंत्रासमोर जाऊन उभा राहिलो. नळी अजून झगझगत होती. आणि खोलीत, एवढ्या मिठाच्या पाण्यानंतरही, केळ्याचा वास होता... त्या वासानं मला जे सांगितलं ते कुठल्याही मासिकानं इतकं स्वच्छ सांगितलं नसतं. मी एका चांगल्या गाळणीला रेनकोट घातला होता.

शंकररावांना बोलावलं. वॉर्निश दिलेल्या नळीचा एक तुकडा आणि न दिलेल्या नळीचा एक तुकडा घेतला. दोन्हींत ग्लुकोजच्या साखरेचं पाणी भरून, टोकं बांधून, दोन ग्लासांतल्या साध्या पाण्यात टांगले. लघवीतली साखर तपासायचं निळं औषध कुठल्याही दवाखान्यात असतं. साखर असली तर तापवल्यावर ते विटेसारखं लाल होतं. थोड्या वेळानं दोन्ही ग्लासांतलं पाणी घेऊन त्यात ते औषध तापवलं. वॉर्निशवालं निळं ते निळंच. साध्या नळीचं आधी हिरवं झालं, मग पिवळं, आणि मग विटेसारखं लालबुंद! साखरेचा कण युरियाच्या कणापेक्षा मोठा असतो. साखर येते म्हणजे युरिया येणारच. पुढं अंड्यातला पांढरा बलक भरून पाहिला, तो बाहेर आला नाही. म्हणजे रक्तातलं जे राहायला हवं ते राहणार होतं. शंकरराव खाली बसले. “डॉक्टर, मी बाईला पिशवीत बांधून फिरवली की हो,” असं म्हणाले, आणि मी म्हणालो, “मी फिरवली. तुम्ही विचारलं होतंत.”

नळ्या दोन जातींच्या होत्या, एक जाड आणि रुंद, एक पातळ आणि अरुंद. जाड नळीनंही औषध लाल केलं, पण उशिरा आणि कसंबसं. तिच्यात रक्ताचा असा फुगीर गोळा बसतो की मधल्या रक्ताला भिंत दिसतच नाही. पातळ नळीत रक्त पट्टीसारखं पसरतं, जवळजवळ सगळंच भिंतीला घासून जातं, आणि भिंतही पातळ, कचऱ्याला ओलांडायला सोपी. जाड नळीत माझी भीती शमत होती आणि तिच्या रक्तातला कचरा तसाच राहत होता. पातळच घ्यायची ठरली, पण फाटली तर काय, हा प्रश्न उरलाच होता. शंकररावांनी त्यावर तोड काढली. पट्ट्यांची संख्या वाढवून नळीला जागोजागी आधार द्यायचा, पण पट्ट्या अरुंद करायच्या, म्हणजे टेकलेल्या जागी पाणी अडणार नाही. आणि हौदातलं पाणी घाण झालं की बदलायचं, कारण दोन्हीकडं कचरा सारखा झाला की तो हलायचा थांबतो. सगळं ठरलं. आता उरलं ते मला सर्वांत अवघड वाटणारं काम.

मी तिच्या कॉटशेजारी बसलो. म्हादू पायाशी होता. तिनं डोळे उघडले तेव्हा मी बोललो. आजवर कुठल्याही पेशंटशी मी असं बोललो नव्हतो. “हौसाक्का, काल दिवसभर जे केलं त्याचा काही उपयोग झाला नाही. चूक माझी होती. आणि हे नेहमी चालतं असं मी म्हणालो ते खरं नव्हतं. मी ते पहिल्यांदाच करत होतो.”

म्हादू उठून उभा राहिला. तो मला मारेल असं वाटलं, आणि मारलं असतं तर बरंही वाटलं असतं.

“बस खाली,” ती त्याला म्हणाली. मग माझ्याकडे वळून, “मला ठावं हाय की.”

“कसं?”

“तुमचं हात बघितलं न्हवं का मी. नवा गडी म्हशीखाली बसला की आसंच करतो. म्हशीला कळतंय, मला कळत न्हाय व्हय?” तिला धाप लागली. थांबून तिनं विचारलं, “कुठं चुकलं ते गावलं का?”

“गावलं.”

“मग पुन्यांदा करा.”

मला वाटलं तिला नीट समजलेलं नाही. मी सांगितलं की मुंबईला नेता येईल, तिथं मोठे डॉक्टर आहेत, मी गाडीची व्यवस्था करतो. ती सुजलेल्या ओठांनी हसली. “त्यो मोठा डाक्टर अजून चुकायचा हाय. त्याची पयली चूक मी कशापाय भोगू? तुमची तर करून झालीया!”

मी पुष्कळ पुस्तकं वाचली, मोठमोठ्यांची व्याख्यानं ऐकली. माणसावर विश्वास का ठेवावा याचं इतकं रोकडं कारण मला कुणी दिलेलं नाही.

दुसऱ्या वेळेला नळी मळकट दिसत होती, तिला चमक नव्हती. ड्रम फिरू लागला. पट्टीसारखं पसरलेलं रक्त वेढ्यावेढ्यानं चढत-उतरत होतं. हौदातल्या पाण्याचा थोड्या वेळानं नमुना घेतला, त्याला युरियाची खूण लागली, आणि शंकरराव ओरडले, “निघालं!” ते पाणी बदललं, पुन्हा भरलं, पुन्हा निघालं. दुपारी नळी एका जागी फाटली. पाणी गुलाबी झालं. मी चिमटे लावून तेवढा वेढा बाद केला, माझे हात थरथरले नाहीत, आणि ड्रम पुन्हा फिरला. ऊन कलायच्या सुमाराला हौसाक्कानं डोळे उघडले, खोलीभर नजर फिरवली आणि अगदी स्पष्ट आवाजात म्हादूला म्हणाली, “म्हशीजवळ कोण हाय रं? हितं काय बघत उभा ऱ्हायलाईस?” मी ऐकलेल्या सगळ्या आवाजांत इतका गोड आवाज दुसरा नसेल. प्रयोगशाळेचं उत्तर आलं, युरिया निम्म्याहून खाली. पण खरं उत्तर म्हादूच्या चेहऱ्यावर होतं. आईच्या शिव्या खात तो रडत होता.

असं आणखी एकदा करावं लागलं. मग मूत्रपिंडं जागी झाली. नर्स लघवीचं भांडं हातात घेऊन व्हरांड्यातून धावत आली, त्यात वाटीभर लघवी होती, आणि ते भांडं शंकररावांनी, मी, म्हादूनं आणि बाकावरच्या दोन अनोळखी पेशंटांनी असं निरखलं की कुणाला वाटावं आत देवाचं तीर्थ आहे. दुसऱ्या दिवशी भांडं भरलं. त्याच्या दुसऱ्या दिवशी दोन भांडी. शंकररावांनी शाहूपुरीभर पेढे वाटले, आणि कशाचे म्हणून विचारलं की खरं ते सांगितलं. लोक पेढा हातात घेऊन थबकायचे. हौसाक्का घरी गेली तोवर म्हैस व्याली होती, रेडकू म्हादूनंच काढलं होतं, आणि तिनं ते तपासून त्यात दोन खोडी काढल्या.

मग ती पंचक्रोशीत प्रसिद्ध झाली. “मी शिनेमात हाय,” असं ती सांगायची. “ज्या चाकावर नट्या धुतल्या त्याच चाकावर माझं रगत फिरलंय. रूप तेवढं आलं न्हाय.” पाव्हणे मुद्दाम वाट वाकडी करून तिला बघायला यायचे. एकानं विचारलं, आता तू आमच्यासारखीच, का अंगात कुठं चाक राहिलंय? तिनं त्याला गोठ्यातलं शेण काढायला लावलं.

मीही प्रसिद्ध झालो. शहरातल्या डॉक्टर मंडळींनी सभा घेतली, हार घातला, मला भाषण करायला लावलं. मी बोलणारा नाही असं वर म्हटलं, पण त्या दिवशी मी बराच वेळ बोललो. नळी, जाडी, पृष्ठभाग, ड्रमची गती, हौदातलं प्रमाण, सगळं सांगितलं. पहिल्या दिवसाबद्दल एक अक्षर बोललो नाही. वॉर्निश नाही, केळ्याचा वास नाही. टाळ्या झाल्या. मग कुणाला तरी सुचलं की पेशंटलाही दोन शब्द बोलायला सांगू. हौसाक्का पदर खोचून व्यासपीठावर आली आणि माइकपासून लांब उभी राहून, माइक लागला नाहीच, म्हणाली, “पयल्यांदा चुकलंतं. दिसभर फिरवलं आन् कायबी झालं न्हाय. मग डाक्टर माझ्याजवळ बसून चुकलो म्हणाला. दुसऱ्यांदा जमलं. लई चांगला माणूस हाय.” आणि खाली उतरली.

सभागृहात कुणीतरी हसलं. मी हारात मान घालून बसलो. बाहेर आल्यावर मी तिच्यावर रागावलो, आणि हेही सांगून टाकतो की चांगलाच रागावलो. “ते सांगायची काय गरज होती?” ती गोंधळली. तिनं माझी स्तुती केली असं तिला खरोखरच वाटत होतं. “आवं, चुकलं ते बी तुमचंच की. आर्धंच कशाला सांगायचं?” मी निघून आलो. त्यानंतर बरेच महिने ती तपासायला आली की मी माझ्या हाताखालच्या डॉक्टरकडे पाठवायचो. ती खालच्या आवाजात, म्हणजे तिच्या मानानं खालच्या, विचारायची, “डाक्टर घरात हायत न्हवं? बरं हायत?” मी आतून ऐकत असायचो. हे लिहिताना कान तापतात.

बेळगावकडून एक तरुण डॉक्टर आले तेव्हा ते संपलं. ते त्या सभेत मागं बसले होते. त्यांना माझ्या भाषणातलं काही विचारायचं नव्हतं. “त्या बाई म्हणाल्या ते पहिल्या दिवसाचं सांगा,” ते म्हणाले. मी टाळाटाळ केली. तेव्हा त्यांनी पिशवीतून एक नळी काढली. त्यांनीही असंच यंत्र करायला घेतलं होतं, त्यांचीही नळी फाटत होती, आणि त्यांनी तिला मेणाचा हात दिला होता. “हाच प्रकार ना?” मी त्या नळीला बोट लावलं, मऊ आणि निसरडं लागलं, आणि मग सगळं सांगितलं. वॉर्निश, लाल पाणी, निळं औषध, माझा ‘उत्तम’ हा शब्द. ते लिहून घेत नव्हते, नुसते डोकं हलवत होते, जसा सुटकेचा श्वास सोडणारा माणूस हलवतो. पुढं त्यांच्याकडे पहिली पेशंट वाचली ती बाळंतीण होती. ते कळवणारं त्यांचं पत्र आलं तेव्हा मी गाडी काढली आणि शिरोळला गेलो.

हौसाक्का रेडकाला पाणी दाखवत होती. मी अंगणात उभा राहिलो आणि म्हणालो, “बेळगावात एक बाई वाचली. तुम्ही त्या दिवशी बोललात म्हणून.” तिनं बादली खाली ठेवली. मी आणखी काही तरी बोलणार होतो, माफी वगैरे. “बसा,” ती म्हणाली, “आलासा न्हवं? च्या ठेवतो.” विषय तिथंच संपला.

त्यानंतर ड्रमवर कुणाला घ्यायचं असेल तर ती यायची. निरोप कोण द्यायचं कळत नाही, बहुधा शंकरराव. पहिल्या खेपेला येताना सुंभानं विणलेलं एक बुटकं स्टूल घेऊन आली होती, कारण आमच्या खुर्चीवर बसलं की पेशंटचं तोंड दिसत नाही, असं तिचं म्हणणं. त्या स्टुलावर बसून ती पेशंटच्या कानाशी सगळं सांगायची. आधी चुकलंतं तेसुद्धा. मला वाटायचं पेशंट घाबरतील. घाबरलेला एकही मी पाहिला नाही. जे वाचले त्यांनी नंतर तिला लुगडी नेसवली. जे वाचले नाहीत, आणि तेही होते, त्यांचा हात शेवटी तिच्या हातात होता. नळ्या बदलल्या, आणखी पातळ आल्या, एका ड्रमच्या जागी दुसरी यंत्रं येतील असं आता मासिकांतून वाचतो. ती म्हणायची, “कायबी आणा, आधी साखर घालून बघा.”

म्हादू आईची बातमी सांगून गेला त्यानंतर काही दिवसांनी आजऱ्याकडचा एक माणूस आणला. काजूच्या बागेत पाला झाडताना घोणस चावली होती. लघवी बंद, चेहरा सुजलेला, बायको पायाशी. शंकररावांनी नळी गुंडाळली होती, मी साखर घालून पाहिली होती, निळं औषध लाल झालं होतं. सगळं तयार होतं. त्यानं ड्रमकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “डाक्टर, ह्यानं माणूस वाचतोयच न्हवं?”

नर्स माझ्याकडे बघायला लागली. भिंतीशी ते स्टूल होतं, म्हादूनं ते नेलं नव्हतं. मी ते पुढं ओढलं आणि बसलो. फार बुटकं आहे ते, गुडघे छातीशी येतात, पण तिचं खरं होतं. तिथून पेशंटचा चेहरा समोर येतो.

“सगळे वाचत नाहीत,” मी म्हणालो. “आणि पहिल्यांदा तर मी साफ चुकलो होतो. सांगू?”

त्यानं आपला हात उताणा करून, मनगट वर घेऊन, माझ्यासमोर ठेवला.

“सांगा की,” तो म्हणाला.

“हौसाक्का म्हणून एक बाई होती,” मी सुरुवात केली, आणि शंकररावांनी ड्रम सुरू केला.